जनरल डब्याचे बजेट

परवा पहाटे साडेतीनला उठून आम्ही घरातून निघालो. मी आणि माझी थोरली वहिनी. वहिनीला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात दाखवायचे होते. गाठीचा तपास झाला होता, कागद हातात होते, आणि दहा वाजता नंबर लावायचा होता. भाऊ अंबडच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. एक खाडा म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला. म्हणून सोबतीला मी.

रिझर्वेशन नव्हते. तारीखच चार दिवस आधी कळली, तर रिझर्वेशन मिळणार कुठून? खिडकीवर जनरलची दोन तिकिटे काढली आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. जनरलचा डबा नेहमी टोकालाच असतो. एक इंजिनाला चिकटून, नाहीतर अगदी शेवटी. तिथे पत्र्याचे छप्पर नसते, बाकडे नसते, दिवाही जेमतेम. वहिनी जुन्या पिशवीवर बसली.

गाडीचे नाव सांगत नाही. सगळ्याच लांबच्या गाड्यांची तीच गत. गाडी उत्तरेकडून भरूनच आली होती. दारात माणसे, संडासाच्या वाटेत माणसे, संडासातही माणसे. मी आधी चढलो, वहिनीला हात देऊन ओढून घेतले. पदर दारात अडकला तो कुणीतरी सोडवला. बसायला शंभर जागा असलेल्या त्या डब्यात किती माणसे होती हे मोजायला मान वळवता आली असती तर मोजली असती.

खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. वहिनीच्या हातातली फाइल पाहून ते उठले आणि म्हणाले, "बस बाई. मी उभा राहतो. जन्मभर उभाच राहिलोय." मी जयभीम घातला, त्यांनीही घातला. पुढे बोलता बोलता कळले की ते मनमाडकडचे, रेल्वेत गँगमन होते. बत्तीस वर्षे रूळ सांभाळून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना तात्या म्हणू लागलो.

गाडी घाटात थांबली. पुढे कल्याणच्या अलीकडे पुन्हा थांबली. नऊ वाजले, दहा वाजले. वहिनी दर पाच मिनिटांनी विचारायची, "भाऊजी, पोचू ना?" मी म्हणायचो, पोचू. आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. नंबर संपले होते. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली.

इथे रडगाणे गायला हे लिहीत नाही. तुमच्यापैकी निम्म्या घरांत हे घडलेले आहे. पण परतताना वहिनीने एक साधा प्रश्न विचारला. "भाऊजी, रेल्वेकडे पैसे नसतात का हो?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी बसलो, आणि जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी गाडी का थांबते ते पाहू. नाशिकरोड ते मुंबई अंतर सुमारे १८८ किलोमीटर. मध्ये कसारा घाट. इंग्रजांच्या जी.आय.पी. रेल्वेने १८६५ साली हा घाटमार्ग सुरू केला. त्याचा चढ सदतीसला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर. आजही मुंबईहून येणाऱ्या नेहमीच्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावावी लागतात. ती गाडीला ढकलत इगतपुरीपर्यंत आणतात. नाशिकपर्यंत लोकल आणा ही आपली जुनी मागणी, पण लोकल कसाऱ्यालाच थांबते, त्याचे कारण हा चढ.

घाट उतरला की कसारा ते कल्याण. तिथे दोनच रूळ, एक जायचा, एक यायचा. त्याच रुळांवर कसाऱ्याच्या लोकल, त्याच रुळांवर देशभरच्या मेल-एक्स्प्रेस, त्यावरच मालगाड्या. एक गाडी अडली की मागची सगळी रांग अडते. तिसरा रूळ टाकायचे ठरले त्याला दहा वर्षे उलटून गेली. काम चालू आहे, संपत नाही. म्हणजे वहिनीचा नंबर चुकला तो त्या दिवशीच्या ड्रायव्हरमुळे नाही. जे रूळ दहा वर्षांपूर्वी पडायला हवे होते ते पडले नाहीत, म्हणून चुकला.

आता पैशाचे. पूर्वी रेल्वेचे बजेट वेगळे असायचे. १९२४ पासूनची ती पद्धत. २०१६ साली शेवटचे वेगळे रेल्वे बजेट मांडले गेले आणि २०१७ पासून ते मोठ्या बजेटात मिसळले. तेव्हापासून एक झाले. पूर्वी त्या दिवशी नाक्यावर, कारखान्यात, चहाच्या टपरीवर चर्चा व्हायची, आपल्या भागाला कोणती गाडी मिळाली, भाडे किती वाढले. आता तो दिवसच उरला नाही. आकडा मोठ्या बजेटात जातो आणि सामान्य माणसाच्या नजरेआड होतो.

आणि आकडा लहान नाही बरे! २०१३-१४ साली केंद्र सरकार रेल्वेला नव्या कामांसाठी वर्षाला तीस हजार कोटींच्या आत रक्कम देत होते. २०२५-२६ च्या बजेटात ती २ लाख ५२ हजार कोटी रुपये आहे. तेव्हा वहिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की पैसे आहेत. पूर्वीपेक्षा कितीतरी पटीने आहेत.

मग ते दिसतात कुठे? १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईहून शिर्डीला जाणारी वंदे भारत गाडी सुरू झाली. पंतप्रधानांनी झेंडा दाखवला. ती आपल्या नाशिकरोडवरून, मनमाडवरून जाते. पांढरीशुभ्र, सगळे डबे वातानुकूलित, घाटही जादा इंजिनाशिवाय चढते. चांगली गाडी आहे. आपल्या देशात बनली, आपल्या कामगारांनी बनवली, तिचा मला अभिमानच आहे. चांगल्या गाडीवर आपला राग नाही. पण त्या गाडीत जनरलचा एकही डबा नाही. ती जाते तेव्हा आपली गाडी बाजूच्या रुळावर उभी करून ठेवतात, हा अनुभव नेहमी प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला आहे.

जनरलवाल्यासाठी काही झालेच नाही असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले, की ३७० गाड्यांना मिळून हजार जनरल डबे जोडत आहोत आणि पुढे आणखी हजारो डबे बिनवातानुकूलित बनवणार आहोत. कोरोनाच्या काळात पॅसेंजर गाडीचे किमान तिकीट दहा रुपयांवरून तीस झाले होते, तेही २०२४ च्या फेब्रुवारीत परत दहावर आणले. ओरडल्याने फरक पडतो, हे यातून शिकण्यासारखे आहे.

पण जे गेले ते सगळे परत आले नाही. साठीच्या पुढच्या पुरुषांना तिकिटात चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या बायकांना पन्नास टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये कोरोनाचे कारण सांगून ती काढली. कोरोना गेला, सवलत आली नाही. ज्या म्हातारीला लेकीकडे जायला वर्षातून एकदा गाडीत बसायचे, तिच्या कनवटीचे ते पैसे होते.

आता दुसरी गोष्ट. ती सांगताना तात्यांचा आवाज बदलला होता.

मनमाडच्या अलीकडे लासलगाव. कांद्याचे लासलगाव. ते निफाड तालुक्यातच, आणि निफाड तालुक्याची थंडी किती कडक असते ते तुम्हाला ठाऊक आहे. तात्या म्हणाले, "लोखंड थंडीत आखडतं. रात्री रूळ तडकतो. आपण गोधडीत असतो तेव्हा गँगमन कंदील, बॅटरी, झेंडी घेऊन रुळानं चालतो. तडा सापडला तर गाडी थांबवायची. नाही सापडला तर गाडीत बसलेल्यांचं काय होईल, हे त्याला माहीत असतं."

१३ फेब्रुवारी २०२३. लासलगावजवळ पहाटेच्या वेळी रुळावर काम करणारे चार गँगमन, आता त्यांना ट्रॅक मेंटेनर म्हणतात, रेल्वेच्याच देखभालीच्या टॉवर गाडीखाली सापडून मेले. चौघेही. ज्या मार्गावरून तीन दिवसांपूर्वी झेंडा दाखवून वंदे भारत गेली होती, त्याच मार्गावर. संतापलेल्या त्यांच्या सोबत्यांनी रुळावर उतरून निषेध केला. आपल्या वर्तमानपत्रांत एक दिवस बातमी आली. मग संपले.

वाचकहो, ही तारीख ध्यानात ठेवा. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला याच मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते बाबासाहेब. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे त्यांनी सांगितले ते याच परिषदेत. हे वाक्य आपण भाषणात नेहमी ऐकतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या आपल्या माणसांची स्थिती किती बारकाईने मांडली होती, ते कमी लोक सांगतात. आपला माणूस गँगमन म्हणून रुळावर घेतात, तो जन्मभर गँगमनच राहतो, वरच्या जागेवर त्याला चढू देत नाहीत. आणि पोर्टर म्हणूनही घेत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि अस्पृश्याचा हात घरात चालत नाही! रूळ सांभाळायला चालतो, कारण रूळ उन्हात असतो, घरात नसतो.

त्या परिषदेला आणि लासलगावच्या अपघाताला बरोबर पंच्याऐंशी वर्षांचे अंतर, आणि काही कोसांचे. लासलगावचे ते चौघे कोणत्या जातीचे होते हे मी विचारले नाही आणि विचारणार नाही. मेलेल्या कामगाराची जात काढायची नसते. मला इतकेच म्हणायचे आहे, की रेल्वे एवढी बदलली, कोळशाची विजेची झाली, जी.आय.पी.ची मध्य रेल्वे झाली, पण तिच्या सगळ्यात खालच्या माणसाच्या जिवाचे मोल अजून खालीच आहे.

कागदोपत्रीही तेच दिसते. रेल्वे सुरक्षेसाठी २०१७-१८ साली सरकारने एक खास निधी काढला. पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये जुने रूळ, सिग्नल, पूल यांवर खर्चायचे ठरले. त्यात रेल्वेने स्वतःच्या उत्पन्नातून दरवर्षी पाच हजार कोटी घालायचे होते. देशाचा हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, २०२२ च्या अहवालात नोंद आहे, की पहिल्या चार वर्षांत वीस हजार कोटींपैकी १५,७७५ कोटी रेल्वेने घातलेच नाहीत. शंभरातले एकोणऐंशी रुपये आलेच नाहीत म्हणा ना. आणि जे आले त्यातले काही भांडीकुंडी आणि पायांना मालिश करणाऱ्या यंत्रांसारख्या गोष्टींवर गेले! हे मी म्हणत नाही, सरकारचा हिशेबनीस म्हणतो.

माणसांचेही तसेच. माहिती अधिकारात २०२४ साली मिळालेल्या उत्तराप्रमाणे सुरक्षेशी संबंध असलेल्या सुमारे दहा लाख मंजूर जागांपैकी दीड लाखाहून जास्त रिकाम्या होत्या. यातच रूळ सांभाळणारे येतात, सिग्नलवाले येतात, ड्रायव्हर येतात. आपली मुले भरतीची पुस्तके घेऊन लायब्ररीत वर्षानुवर्षे बसली आहेत आणि तिकडे जागा रिकाम्या आहेत. सहा माणसांचे काम चौघांवर पडले की काय होते, ते कारखान्यात काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

मग २ जून २०२३ रोजी ओडिशात बालासोरजवळ तीन गाड्यांचा तो भयंकर अपघात झाला. अडीचशेहून जास्त माणसे गेली. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने मला विचारले होते, "काका, मेलेल्यांची नावं का सापडत नाहीत?" कारण सोपे आहे. रिझर्वेशन असलेल्या प्रवाशाचे नाव यादीत असते, वय असते, फोन असतो. जनरलच्या प्रवाशाचे नाव कुठेही नसते. त्याच्या तिकिटावर फक्त कुठून कुठे एवढेच छापलेले असते. त्या अपघातातले अठ्ठावीस मृतदेह कुणी ओळखलेच नाहीत. चार महिने शवागारात ठेवून शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे दहन केले. तेही कुणाचे तरी भाऊजी, कुणाची तरी वहिनी असतील. कामाला निघाले होते, नाहीतर घरी निघाले होते.

तेव्हा वहिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे. रेल्वेकडे पैसे आहेत, पण ते गाडीच्या पुढच्या डब्यात बसून जातात. शेवटच्या डब्यापर्यंत आणि रुळावरच्या माणसापर्यंत येता येता संपतात. म्हणून रेल्वेची प्रगती मोजायची असेल तर नवी गाडी किती वेगाने धावली हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. जनरल डब्यातल्या बाईला बसायला मिळाले का? आणि रात्री रुळावर गेलेला गँगमन सकाळी घरी आला का?

नुसते विचारून भागणार नाही, काही करायलाही हवे. नाशिकला २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. त्याच्या गर्दीसाठी नाशिकरोड, देवळाली, ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे या स्टेशनांवर कामे निघाली आहेत. कामे होतात तर होऊ द्या. पण आपल्या मंडळांनी, कामगार संघटनांनी, महिला मंडळांनी आत्ताच निवेदने द्यावीत, की जनरलचा डबा जिथे येतो तिथपर्यंत छप्पर घाला, बाकडी टाका, पाणी आणि दिवा द्या. मेळा संपेल, आपला रोजचा प्रवास संपणार नाही. सहा डिसेंबरला दादरला जाणाऱ्या आपल्या हजारो माणसांना या टोकाच्या डब्यांची ओळख आहेच. ज्येष्ठांच्या सवलतीचा, रिकाम्या जागांचा, कल्याण-कसाऱ्याच्या तिसऱ्या रुळाचा प्रश्न खासदाराला विचारा. मत मागायला येतील तेव्हा तर विचाराच.

आणि घरातल्या बायाबापड्यांसाठी चार कामाच्या गोष्टी, ज्या मलाही तात्यांनीच त्या डब्यात शिकवल्या.

कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता तिकिटात सवलत असते. सेकंड क्लासला पंच्याहत्तर टक्के, आणि सोबतच्या एका माणसालाही. ही सवलत कोरोनानंतरही चालू राहिली. इस्पितळातून ठरावीक नमुन्यातला दाखला डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने घ्यायचा आणि तिकीट खिडकीवर दाखवायचा. आम्ही दोघांनी पूर्ण पैसे भरले होते, कारण आम्हाला हे माहीतच नव्हते.

तिकीट उतरल्यावर लगेच फेकू नका. प्रवासात अपघात झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. मृत्यू झाल्यास ती आठ लाख रुपये आहे. तिकीट सापडले नाही म्हणून हक्क जातो असे नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तसे स्पष्ट केले आहे, पण तिकीट असले की फेऱ्या कमी होतात.

गाडीत आजारी पडले, छेडछाड झाली, चोरी झाली, तर १३९ हा फोन लावा.

आणि शेवटची गोष्ट. तात्यांनी आपल्या सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली एक चिठ्ठी काढून दाखवली. तीवर त्यांचे नाव, गाव, रक्तगट आणि मुलाचा फोन लिहिलेला होता. म्हणाले, "जनरलच्या माणसाची यादी कुणी करत नाही. म्हणून आपली यादी आपण खिशात ठेवायची."

पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा निघणार आहोत. या वेळी आदल्या रात्रीच निघू, कल्याणला मावसबहिणीकडे उतरू आणि सकाळी लोकलने जाऊ. सवलतीचा दाखला घेऊ. काल संध्याकाळी वहिनी धाकट्याच्या वहीचे पान फाडून बसली होती. मी विचारले, काय लिहितेस? तिने कागद माझ्यापुढे केला. दोन चिठ्ठ्या होत्या. एक तिच्या नावाची, एक माझ्या.